मूळ आकृती आणि तिच्या प्रती : संगणकीय आरेखनातील पुनर्वापरयोग्य घटकांच्या व्यवस्थापनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या आरेखनाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पूर्वी आरेखकाला एकच दरवाजा एका इमारतीच्या नकाशात चाळीस वेळा काढावा लागे. आता तो एकदा काढून चाळीस ठिकाणी बसवता येतो, असे या कथनाचे सार असते. हे विधान असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे. मूळ आकृती आणि तिच्या प्रती यांच्यात कोणते नाते असावे, मुळात बदल झाल्यास प्रतींनी तो स्वीकारावा की नाही, आणि मूळ आकृती कोणाच्या ताब्यात असावी, हे प्रश्न पुनर्वापरयोग्य घटकाच्या कल्पनेतच दडलेले आहेत. तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्यांची दखल तुलनेने कमी घेतली गेली आहे.

प्रस्तुत शोधनिबंधाची मांडणी अशी की, मूळ आणि प्रत यांच्यातील जिवंत नात्याचा प्रश्न १९६३ मध्ये तत्त्वतः सुटलेला होता. १९८२ नंतर व्यक्तिगत संगणकावर आरेखन आले तेव्हा हे नाते एकेका फाईलपुरते आक्रसले. त्यानंतरच्या चार दशकांत घटकांच्या ‘व्यवस्थापना’साठी जी साधने निर्माण झाली, ती बव्हंशी या आक्रसण्याची दुरुस्ती होय. विवेचनाचा भर ऑटोकॅड या संगणकप्रणालीवर आहे. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून संगणकीय आरेखनाशी बहुसंख्य विद्यार्थ्यांचा परिचय याच प्रणालीद्वारे झाला. अन्य प्रणालींचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

संगणकपूर्व परंपरा :

घटकांचा पुनर्वापर ही संगणकाची देणगी नव्हे. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि सेट स्क्वेअर यांच्या काळातही वॉश बेसिन, शौचकूप, वर्तुळे, विद्युत चिन्हे यांसाठी प्लॅस्टिकच्या टेम्प्लेट वापरल्या जात. अक्षरांसाठी स्टेन्सिल असे. १९६० च्या दशकापासून लेट्रासेटचे घासून उमटवायचे कागदही प्रचारात आले. चिन्हांचे प्रमाणीकरण हा त्याच परंपरेचा दुसरा भाग. भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली व पुढे १९८७ मध्ये तिचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले. अभियांत्रिकी आरेखनाविषयीचे आयएस ६९६ हे मानक आणि नंतर शाळा-महाविद्यालयांसाठी प्रसिद्ध झालेले एसपी ४६ हे संकलन आरेखनाच्या अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या व्यवहारात याहून मोठ्या प्रमाणावरील पुनर्वापर रूढ होता. शाळा, दवाखाना, कर्मचारी निवास यांचे ‘टाईप प्लॅन’ तयार असत आणि जागेनुसार त्यांत किरकोळ फेरफार होत. मूळ नकाशावर ट्रेसिंग कागद वा कापड ठेवून तो उतरवून घेणारा कर्मचारी म्हणजे अनुरेखक. शासकीय पदांच्या यादीत आरेखक, सहायक आरेखक व अनुरेखक अशी उतरंड होती. ट्रेसिंगवरून ब्लू प्रिंट किंवा अमोनिया प्रिंट काढली जाई.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. मूळ ट्रेसिंग एकच असे, तिला क्रमांक असे, ती नोंदवहीत चढलेली असे आणि बदल केल्यास बदलाची तारीख व सही त्याच कागदावर येई. प्रती आपोआप सुधारत नसत. जुन्या प्रिंट साइटवर तशाच राहत आणि त्यातून घोटाळेही होत. मात्र मूळ कोठे आहे हा प्रश्न कोणाला पडत नसे. ते कपाटात असे, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कार्यालयात सर्वांस ठाऊक असे.

स्केचपॅड : नात्याची पहिली मांडणी :

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी जानेवारी १९६३ मध्ये पीएच.डी.साठी सादर केलेला ‘स्केचपॅड’ हा प्रबंध संगणकीय आरेखनाचा आरंभबिंदू मानला जातो. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर, पडद्याला टेकवायच्या प्रकाशलेखणीने, हे आरेखन होई. क्लॉड शॅनन हे या प्रबंधाचे मार्गदर्शक होते.

सदरलँड यांच्या कार्याचा गौरव करताना सामान्यतः प्रकाशलेखणीचा उल्लेख होतो. प्रकाशलेखणी पुढे कालबाह्य झाली. टिकून राहिली ती दुसरी कल्पना : मूळ आरेखन आणि त्याची उदाहरणे. एखादी आकृती एकदा काढली की ती दुसऱ्या आकृतीत कितीही वेळा बोलावता येई. प्रत्येक वेळी संगणक रेषांची नक्कल करून ठेवत नसे. तो मूळ आकृतीकडे बोट दाखवणारा निर्देश ठेवी आणि त्यासोबत स्थान, आकारमान व वळण व्यक्त करणारी चार अंकी मूल्ये. पडद्यावर जे दिसे ते त्या त्या क्षणी मुळावरून काढलेले असे. साहजिकच मूळ बदलले की सर्व उदाहरणे बदलत.

प्रबंधाच्या आरंभीच दिलेले उदाहरण बोलके आहे. एक षट्कोन काढायचा, सात षट्कोनांचा एक समूह करायचा, तो समूह पुन्हा घटक म्हणून वापरायचा. अशा रीतीने मधमाशांच्या पोळ्यासारखी मोठी जाळी तयार होते. नंतर मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळाकार रेषा काढली की संपूर्ण जाळीचे माशाच्या खवल्यांसारख्या नक्षीत रूपांतर होते. जाळीतील एकाही घरास स्वतंत्रपणे हात लावावा लागत नाही. घटकाच्या आत घटक, त्याच्याही आत घटक ही रचना, तसेच जोडबिंदू धरून ठेवणारी बंधने, हे सारे येथे आढळते. विद्युत मंडलाचे चिन्ह हलवले तरी त्याला जोडलेली तार सुटत नाही, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यास स्वाभाविक वाटते. तिचे मूळ या प्रबंधात आहे.

स्केचपॅडचा प्रभाव आरेखनापुरता राहिला नाही. मूळ साचा आणि त्याची उदाहरणे हे तत्त्व पुढे संगणक-भाषांतही केंद्रस्थानी आले. स्मॉलटॉक भाषेचे जनक अ‍ॅलन के यांनी स्केचपॅडचे ऋण वारंवार मान्य केले आहे. सदरलँड यांना १९८८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तथापि, एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. टीएक्स-२ हा एकच संगणक होता. मूळ आणि उदाहरणे दोन्ही त्याच्याच स्मृतीत राहत. मूळ एका गावी आणि प्रत दुसऱ्या गावी, हा प्रसंग सदरलँड यांच्यापुढे आलाच नाही. कार्यालयांचा खरा प्रश्न नेमका तोच होता.

फाईलमध्ये बंदिस्त झालेले मूळ :

१९७० च्या दशकात संगणकीय आरेखन मोठ्या उद्योगांपुरते मर्यादित होते. हंट्सव्हिल येथे १९६९ मध्ये एम अँड एस कॉम्प्युटिंग या नावाने सुरू झालेली आणि पुढे इंटरग्राफ म्हणून ओळखली गेलेली कंपनी यात अग्रेसर होती. तिच्या प्रणालीत घटकांना ‘सेल’ म्हणत आणि ते ‘सेल लायब्ररी’ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवले जात. बेंटली सिस्टिम्सच्या मायक्रोस्टेशनमध्ये हीच परंपरा चालू राहिली. लायब्ररी वेगळी, आरेखन वेगळे, ही मांडणी कपाटाच्या कल्पनेशी जुळणारी होती. परंतु सर्वसाधारण सेल एकदा आरेखनात बसवला की तो सुटी प्रत बनत असे. लायब्ररीतील बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. पुढे ‘सामायिक सेल’ हा निराळा प्रकार उपलब्ध झाला. कपाट होते, पण कपाटाचा प्रतींशी संबंध नव्हता.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटोडेस्क कंपनी स्थापन केली. माइक रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ या पूर्वप्रणालीवर आधारलेले ऑटोकॅड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात मांडले गेले. त्याच्या अगदी आरंभीच्या आवृत्त्यांतच ब्लॉक आणि इन्सर्ट या आज्ञा होत्या. ब्लॉकची रचना सदरलँड यांच्या तत्त्वाशी सुसंगत होती : व्याख्या एकदाच, आणि जागोजागी केवळ निर्देश. व्याख्या बदलली की आरेखनातील सर्व निर्देश बदलत. मात्र ही व्याख्या त्या आरेखनाच्या फाईलमध्येच साठवली जाई.

हा निर्णय त्या काळी शहाणपणाचा होता, हे मान्य केले पाहिजे. व्यक्तिगत संगणक एकमेकांना जोडलेले नव्हते. आरेखन फ्लॉपीवरून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई. फाईलला जे जे लागते ते तिच्या पोटात असणे हीच तिच्या प्रवासाची हमी होती. परंतु याचा परिणाम असा झाला की, दहा फाईलींत एकच दरवाजा असेल तर प्रत्यक्षात दहा ‘मूळ’ दरवाजे असत. प्रत्येक फाईलच्या आत सदरलँड यांचे नाते जिवंत होते. दोन फाईलींच्या मध्ये ते अस्तित्वातच नव्हते. अनुरेखकाच्या काळी एक मूळ आणि अनेक मृत प्रती अशी स्थिती होती. आता अनेक मुळे आणि प्रत्येकाच्या जिवंत प्रती अशी स्थिती आली. दुसरी स्थिती पहिलीपेक्षा निःसंशय सोयीची होती, पण अधिक अराजकाचीही होती.

नाव, लेयर आणि मोजमाप :

या अराजकावर कार्यालयांनी काढलेला पहिला उपाय संगणकीय नव्हता, तर शिस्तीचा होता. ऑटोकॅडमध्ये कोणतीही संपूर्ण फाईल घटक म्हणून आत घेता येई आणि कोणताही घटक स्वतंत्र फाईल म्हणून बाहेर लिहिता येई. त्यामुळे घटकांच्या फाईलींनी भरलेला फोल्डर हीच कार्यालयाची लायब्ररी ठरली. डॉसच्या मर्यादेमुळे फाईलचे नाव आठ अक्षरांपलीकडे जात नसे. ब्लॉकच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा होती आणि मध्ये मोकळी जागा चालत नसे. ऑटोकॅड २००० पासून ही मर्यादा २५५ अक्षरांवर गेली. दरम्यान सर्वत्र सांकेतिक नावे रूढ झाली होती. ९०० मिलिमीटरच्या दरवाजासाठी ‘डी९००’, डाव्या बाजूस उघडणाऱ्यासाठी पुढे एखादे अक्षर, अशा स्वरूपाची ही नावे त्या कार्यालयाबाहेरच्या माणसास अगम्य असत. ते संकेत जाणणारी व्यक्ती, बहुधा एखादा ज्येष्ठ आरेखक, हीच खऱ्या अर्थाने लायब्ररी होती. त्या व्यक्तीच्या या कामाला कोणत्याही पदनामात स्थान नव्हते.

लेयरचा नियम याहून सूक्ष्म आहे. शून्य नावाच्या लेयरवर काढलेल्या रेषांचा ब्लॉक केला तर त्या रेषा ज्या लेयरवर ब्लॉक बसवला जाईल त्याचे गुणधर्म स्वीकारतात. अन्य लेयरवर काढलेल्या रेषा मात्र स्वतःचा लेयर सोबत घेऊन येतात. म्हणजे शून्य लेयरवरचा घटक पाहुण्याप्रमाणे यजमानाच्या घरची रीत पाळतो, तर दुसरा आपले बिऱ्हाड घेऊनच येतो. बाहेरून आणलेला एक खुर्चीचा ब्लॉक आरेखनात अनोळखी लेयर कसे आणून सोडतो, याचे उत्तर या नियमात आहे. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने १९९० मध्ये लेयरच्या नावांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. १९९८ मध्ये आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. महाराष्ट्रात हा विषय पुढे थेट परवानगीशी जोडला गेला. पुण्यातील सॉफ्टटेक कंपनीने विकसित केलेली आणि पुणे महानगरपालिकेने उपयोगात आणलेली ऑटोडीसीआर ही प्रणाली बांधकाम नकाशाची नियमांनुसार संगणकीय तपासणी करते. त्यासाठी नकाशातील घटक विहित लेयरवर असावे लागतात. जी बाब पूर्वी कार्यालयाची अंतर्गत शिस्त होती, तिला अशा प्रकारे प्रशासकीय बळ प्राप्त झाले.

मोजमापाचा गोंधळ भारतीय परिस्थितीत विशेष जाणवणारा आहे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, तरी बांधकामाच्या बोलण्यात फूट आणि चौरस फूट टिकून राहिले. ऑटोकॅडच्या दृष्टीने आरेखनातील अंक हे नुसते अंक असत. मिलिमीटरमध्ये काढलेला घटक मीटरच्या आरेखनात घातला की तो हजारपट मोठा दिसे. इंचातील घटक मिलिमीटरच्या आरेखनात आला तर २५.४ पट लहान. ऑटोकॅड २००० मध्ये घटकासोबत त्याचे एकक नोंदवण्याची सोय झाली. अर्थात, नोंद करणाऱ्याने ती अचूक केली असेल तरच तिचा उपयोग.

नावाच्या साम्यातून उद्भवणारी अडचण या सर्वांत गंभीर मानावी लागेल. आरेखनात ‘डी९००’ नावाची व्याख्या आधीच असेल आणि दुसऱ्या आरेखनातून त्याच नावाचा सुधारित घटक कॉपी करून वा ओढून आणला, तर प्रणाली आधीची व्याख्या ग्राह्य धरते आणि नवी दुर्लक्षिते. आरेखकाने नवा दरवाजा आणलेला असतो, पडद्यावर जुना उमटतो. घाईच्या कामात ही गोष्ट लक्षात येईलच असे नाही.

पुन्हा एका मुळाकडे :

फाईलींच्या सीमेपलीकडे नाते जोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ऑटोकॅडच्या अकराव्या आवृत्तीत, १९९० मध्ये झाला. एक्सटर्नल रेफरन्स, अर्थात व्यवहारातील ‘एक्सरेफ’, या सोयीमुळे दुसरी फाईल पोटात न घेता तिच्याकडे केवळ निर्देश करता येऊ लागला. मूळ फाईल बदलली की ती ज्या ज्या आरेखनांत जोडलेली आहे तेथे पुढच्या वेळी बदल दिसे. सदरलँड यांचे तत्त्व सत्तावीस वर्षांनी संगणकांच्या जाळ्यावर अवतरले, असे म्हणता येईल. परंतु फोल्डरचे नाव बदलले किंवा फाईल वेगळ्या ड्राइव्हवर गेली की निर्देश तुटे. ग्राहकाकडे काम पाठवताना एकही दुवा तुटू नये म्हणून ‘बाइंड’ करून सर्व काही पुन्हा पोटात घेण्याची प्रथा पडली. जोडलेले पुन्हा तोडणे हाच सुरक्षित मार्ग ठरला.

त्यानंतरची साधने थोडक्यात पाहता येतील. ऑटोकॅड २००० मधील डिझाइनसेंटरमुळे एका फाईलच्या आतील ब्लॉक दुसरीतून न उघडता पाहता व ओढून घेता येऊ लागले. २००३ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००४ मध्ये टूल पॅलेट आली, आणि २०१९ मध्ये ऑटोकॅड २०२० सोबत ब्लॉक्स पॅलेट. या साधनांनी घटक सापडणे सुलभ केले. बसवल्यानंतर त्याचे मुळाशी नाते काय, हा प्रश्न त्यांनी बाजूसच ठेवला.

२००५ मध्ये ऑटोकॅड २००६ सोबत आलेला डायनॅमिक ब्लॉक मात्र अधिक विचारास पात्र आहे. तोवर ६००, ७५०, ९०० मिलिमीटर, डावा, उजवा अशा प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र ब्लॉक ठेवावा लागे आणि लायब्ररी फुगत जाई. डायनॅमिक ब्लॉकमध्ये एकाच व्याख्येत रुंदी, दिशा, दृश्यस्थिती यांचे पर्याय साठवता येतात. अनेक नावांच्या जागी एक नाव आले. गमतीचा भाग असा की, अशा ब्लॉकचे एखादे रूप बदलले की प्रणाली त्या रूपासाठी फाईलमध्ये एक निनावी ब्लॉक गुपचूप तयार करते. लायब्ररीच्या दारातून ज्या अनेक नावांना बाहेर काढले, ती फाईलच्या तळघरात नावाविना परत आली.

घटकास माहितीची जोड देण्याचा प्रवाह याला समांतर होता. ब्लॉकला ‘अ‍ॅट्रिब्यूट’ जोडून दारे-खिडक्यांचा तक्ता काढण्याची सोय ऑटोकॅडमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यासच उपलब्ध झाली होती. त्याहीपूर्वी, १९७५ मध्ये, चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे वर्णन रेषांऐवजी घटकांनी व्हावे असा विचार मांडला होता. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचे आर्किकॅड आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलेले रेव्हिट यांनी तो व्यवहारात आणला. रेव्हिटमध्ये घटकांच्या मुळास ‘फॅमिली’ म्हणतात. हा शब्द सूचक आहे. परंतु फॅमिलीही प्रकल्पाच्या फाईलमध्ये भरून घ्यावी लागते, आणि बाहेरचे मूळ बदलल्यास ती पुन्हा भरावी लागते. १९८२ चा निर्णय येथेही पूर्णतः मागे पडलेला नाही.

एक्सप्लोड आणि अध्यापन :

नाते तोडणारी आज्ञाही नाते जोडणाऱ्या आज्ञेनंतर काही वर्षांतच आली. ‘एक्सप्लोड’ केल्याने ब्लॉक सुट्या रेषांत विखुरतो आणि मुळाशी त्याचा संबंध संपतो. एखादी रेष तातडीने हलवायची असेल तर नवशिका आरेखक हाच मार्ग पत्करतो. पुढे दरवाजाची व्याख्या बदलली की एकोणचाळीस दरवाजे बदलतात आणि चाळिसावा तसाच राहतो. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत ऑटोकॅडने ‘स्मार्ट ब्लॉक’ या नावाखाली, विखुरलेल्या समान रेषासमूहांचा शोध घेऊन त्यांचे पुन्हा ब्लॉकमध्ये रूपांतर करण्याची सोय दिली. चार दशकांच्या एक्सप्लोडचा मलबा उपसण्यासाठी यंत्राला कामास लावावे लागले, असे याचे वर्णन अतिशयोक्त ठरणार नाही.

आरेखनाच्या अध्यापनात ब्लॉक कसा करावा हे शिकवले जाते. त्याची व्याख्या कोणी सांभाळावी, बदलाची नोंद कोठे करावी, नाव कसे द्यावे, हे प्रश्न बहुधा आज्ञांच्या यादीत बसत नाहीत म्हणून गळतात. ट्रेसिंगच्या काळी हे शिक्षण कपाट, नोंदवही आणि ज्येष्ठ आरेखकाचा धाक यांतून मिळत असे. ते कपाट गेले तेव्हा त्यासोबत काय गेले, याचा हिशेब अभ्यासक्रमाने मांडलेला दिसत नाही.

ऐतिहासिक साधन म्हणून आरेखनाची फाईल :

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयास आणखी एक बाजू आहे. ज्या दोषांमुळे फाईल बोजड होते, त्यांतच तिचा पुरावा साठलेला असतो. वापरात नसलेल्या ब्लॉकच्या व्याख्या फाईलमध्ये तशाच पडून राहतात. बाइंड केलेल्या एक्सरेफमधील नावांत मूळ फाईलचे नाव, त्यापुढे दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये एक अंक आणि नंतर लेयरचे वा ब्लॉकचे नाव राहते. एखाद्या जुन्या रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या संगणकीय नकाशात अशी नावे वाचली असता तो नकाशा कोणत्या पूर्वीच्या नकाशावरून बेतला, कोणत्या कार्यालयाचे संकेत त्यात शिरले आणि कोणता घटक काढून टाकला गेला, हे थर उकलता येतात. ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडलेल्या रेषेची खूण जशी कागद उजेडासमोर धरल्यावर दिसते, तसेच हे.

‘पर्ज’ ही आज्ञा असे वापरात नसलेले अवशेष एका क्षणात नाहीसे करते. फाईल सुपूर्द करण्यापूर्वी ती पर्ज करावी, ही चांगल्या आरेखकाची सवय समजली जाते आणि कामाच्या दृष्टीने ती योग्यही आहे. परंतु सार्वजनिक इमारतींचे जे नकाशे यापुढे अभिलेखागारात जातील, त्यांची पर्ज न केलेली एक प्रत वेगळी ठेवणे इष्ट ठरेल. २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ अशा टप्प्यांनी ऑटोकॅडच्या फाईलचे स्वरूप बदलत आले आहे; जुन्या फाईली नव्या स्वरूपात रूपांतरित करण्याचे काम ज्या कार्यालयांत होते, तेथे रूपांतर आणि पर्ज ही दोन्ही कामे बहुधा एकाच बैठकीत उरकली जातात.